जागा धरायचा रुमाल

त्यांच्या खिशात कायम दोन रुमाल असत. डाव्या खिशातला तोंड पुसायला आणि उजव्या खिशातला जागा धरायला. डावा मळका, बोळा झालेला. उजवा मात्र इस्त्रीचा, चार घड्यांचा. एसटी फलाटाला लागायच्या आत हे गृहस्थ खादीचा झब्बा सावरत गाडीबरोबर दहा पावलं पळायचे आणि खिडकीतून तो रुमाल नेमका हव्या त्या सीटवर टाकायचे. मग बाकीच्यांची दारात रेटारेटी चालू असताना स्वतः शांतपणे सगळ्यांच्या शेवटी चढायचे. चेहऱ्यावर भाव असा, की रांग मोडणाऱ्या या लोकांचं आता काय करावं!

आमच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे. शाळा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. एका अंगाला तालीम, दुसऱ्या अंगाला पिठाची गिरणी आणि समोर फुटबॉलवाल्या पोरांचा कट्टा. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा मी तिथे मराठी शिकवायला लागलो. पोरं त्यांना 'वखार सर' म्हणायची, कारण इंग्रजांच्या वखारीचा धडा त्यांच्यासारखा दुसरा कुणी शिकवत नव्हता. हे मान्य करणं माझ्या जिवावर येतं, पण ते उत्तम शिकवायचे. माझा तास नसला की मीसुद्धा व्हरांड्यात उभा राहून ऐकायचो.

"पोरांनो, इंग्रज तलवार घेऊन आला असं समजू नका," ते सुरू करायचे. "तो पेटी घेऊन आला. म्हणाला, पावसाचे दिवस आहेत, माल भिजतोय, जरा इथं ठेवू का? आपला राजा भला माणूस. म्हणाला, ठेव की! मग पेटीला राखण पाहिजे म्हणून माणूस आला. माणसाला ऊन लागतं म्हणून छप्पर आलं. छपराला कुंपण आलं. आणि कुंपणाला काय आलं?"

"बंदूक!" अख्खा वर्ग ओरडायचा, आणि सर टेबलावर मूठ अशी आपटायचे की शेजारच्या वर्गातलं गणित चुकायचं.

इंग्रजांचा त्यांना मनस्वी राग. चहा ही गोऱ्यांनी लावलेली खोड म्हणून ते चहा विकत घेत नसत. दुसऱ्याने पाजला तर नाही म्हणत नसत. दरवर्षी पंधरा ऑगस्टला ते लंडनच्या एका संग्रहालयाला पत्र पाठवायचे, तेही मोडी लिपीत आणि रजिस्टर पोस्टाने. मजकूर ठरलेला : आमच्या देशातून नेलेल्या वस्तू विनाविलंब परत कराव्यात. उत्तर कधी आलं नाही. "येईल कसं? वाचता यायला पाहिजे ना," असं म्हणून ते तुच्छतेने हसायचे. आपण ते पत्र वाचताच येऊ नये अशा बेताने लिहितोय, हे काही त्यांच्या डोक्यात येत नसे.

या माणसाचा पराभव झालेला मी एकदाच पाहिला. बोर्डाच्या परीक्षेला आम्हा दोघांना गडहिंग्लजला सुपरव्हिजनला पाठवलं होतं. परतताना त्यांनी नेहमीप्रमाणे रुमाल टाकला. आम्ही चढलो तर त्या सीटवर मिरच्यांची पिशवी मांडीवर घेऊन एक म्हातारी बसलेली. तिने रुमाल पुढे केला.

"पावणं, तुमचा का हो? खाली पडंल, घ्या."

"अक्का, ती जागा धरलेली आहे."

"कुणी धरल्या?"

"रुमाल होता ना तिथं!"

"मग रुमालाचं तिकीट काढलंय व्हय तुमी?" म्हातारीने विचारलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

सर कोल्हापूरपर्यंत उभे. मला वाटलं, खजील झाले असतील. कसले! कागल येईपर्यंत ते मला वहिवाट म्हणजे काय ते समजावत होते. "आपण तिथं आहोत हे चार लोकांना दिसलं पाहिजे. एकदा दिसलं, दोनदा दिसलं, की वहिवाट पडली. कागद काय, मागनं होतो." मी मान डोलावत होतो आणि मनातल्या मनात हसत होतो. हसून सोडून द्यायची गोष्ट आहे असं वाटण्याइतका मी तेव्हा बावळट होतो.

पुढे त्यांच्या डोक्यात शाळेचं संग्रहालय काढायचं आलं. पेठेत घरोघर फिरून त्यांनी वस्तू गोळा केल्या. कुणाचा अडकित्ता, कुणाची पितळी समई, कुणाच्या पणजोबांची पगडी. सगळं 'प्रदर्शनापुरतं आठ दिवस' म्हणून आणलेलं. आठ दिवसांनी प्रदर्शन संपलं आणि सगळ्या वस्तू सरांच्या पेटीत गेल्या. शेजारच्या तालमीचे वस्ताद त्यांची व्यायामाच्या लाकडी मुद्गलांची जोडी न्यायला आले तेव्हा मी स्टाफरूममध्येच होतो.

"मास्तर, आमची जोडी द्या की. पोरं खोळंबल्यात."

"वस्ताद, ती आता इतिहासाचा ठेवा आहे. इथं सुरक्षित आहे. तुमच्या तालमीत कीड लागली असती."

"अवो, रोज फिरवत्यात तिला कीड कशी लागंल? पेटीत ठिवली तर लागंल!"

"तुम्हाला तिची किंमत कळत नाही, एवढंच मी म्हणेन."

वस्तादांनी आयुष्यात भल्याभल्यांना चीत केलेलं, पण या वाक्याने त्यांनाच चीत केलं. लाल माती लागलेल्या पायांनी ते फरशीवरून निघून गेले. त्यांच्या पाठोपाठ सरांनी फरशी पुसून घेतली. त्याच आठवड्यात पंधरा ऑगस्ट होता आणि लंडनचं पत्र वेळेवर गेलं.

आता सात नंबरच्या खोलीबद्दल सांगायला हवं. जिन्याशेजारची ती लहानशी खोली मुलींची होती. जोतिबाच्या पायथ्याच्या वाड्यांवरून दहा-बारा मुली आमच्या शाळेत यायच्या. त्यांची एसटी साडेनवाला पोचायची आणि शाळा भरायची अकराला. पाचला शाळा सुटली तरी परतीची गाडी सव्वासहाची. हा मधला सगळा वेळ त्या या खोलीत असायच्या. अभ्यास करायच्या, डबा खायच्या, वेण्या घालायच्या, आणि त्या वयातल्या मुलींना कधीमधी दार लावून घ्यावं लागतं ते लावून घ्यायच्या. एक चटई, एक माठ, टवका उडालेला आरसा आणि भिंतीत डब्याच्या पिशव्या अडकवायला ओळीने ठोकलेले खिळे, एवढाच सरंजाम. किल्ली शाळेतल्या शिपाई मावशींकडे असायची. खोलीत दिवा नव्हता. मुलींनी दोन वर्षं मागून पाहिला आणि मग मागायचं सोडून दिलं. या खोलीच्या भरवशावर वाडीवरचे आईबाप मुलींना कोल्हापूरला पाठवत होते.

पुढच्या वर्षी जून महिन्यात सर खोलीच्या दारात उभे राहिले. सोबत पत्र्याची पेटी. मावशींनी मला नंतर सांगितलं ते त्यांचे शब्द असे होते : "पावसाचे दिवस आहेत. स्टाफरूम गळतीय. ही पेटी जरा इथं ठेवू का?"

मुली काय म्हणणार? ठेवा म्हणाल्या. चटई थोडी सरकवून घेतली.

पेटीमागून एक कपाट आलं. कपाटामागून दुसरं. मग पेटीतल्या मौल्यवान वस्तूंची काळजी म्हणून दाराला नवीन कुलूप आलं आणि त्याची किल्ली सरांच्या जानव्याला. सर यायचे पावणेअकराला. साडेनवाला आलेल्या मुली मग जिन्यात बसायला लागल्या. जुलैचा पाऊस, जिना अर्धा उघडा, दप्तरं पोटाशी धरून त्या पायऱ्यांवर बसलेल्या असायच्या. दोन आठवड्यांनी सरांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली, की मुली जिन्यात बसून रहदारीला अडथळा आणतात आणि खरकटं सांडतात.

एक दिवस मावशींनी मला गाठलं. "सर, तुमी बोला की. तुमचं ऐकतील. पोरींनी कापडं बदलायची तर कुठं बदलायची? दोघींच्या आया बोलून गेल्यात, असं असंल तर शाळा बंद म्हणून."

"बघतो मावशी," मी म्हणालो.

काय बघितलं ते सांगतो. त्याच आठवड्यात सर स्टाफरूममध्ये भडंगाचा पुडा घेऊन आले. स्वतःच्या खर्चाने. असा प्रसंग त्या शाळेत आधी कधी घडला नव्हता. पुडा फोडून झाल्यावर त्यांनी एक टाइप केलेला कागद फिरवला. 'खोली क्रमांक सात विनावापर पडून असल्याने ती इतिहास संग्रहालयास देण्यास आम्हा शिक्षकांची हरकत नाही.' मी तो कागद नीट वाचला. मराठीचा शिक्षक आहे, 'विनावापर' या शब्दाचा अर्थ मला चांगला कळतो. पण त्या महिन्यात मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि संस्थेचे चेअरमन सरांच्या शब्दाबाहेर नव्हते. माझ्या आधी दोन सह्या झाल्या होत्या. तिसरी मी केली. मला खोकला झाला होता म्हणून भडंग खाल्लं नाही, एवढाच काय तो माझा बाणेदारपणा.

सरांनी त्या कागदाची झेरॉक्स सह्यांसकट खोलीच्या दारावर चिकटवली. आत ट्यूबलाइट लावली. एकही अर्ज न करता! उद्घाटनाला चेअरमन आले. भाषणात सर म्हणाले, "इथं पूर्वी नुसता अंधार होता." मुलींसाठी त्यांनी मोठ्या मनाने सवलत ठेवली. शनिवारी शाळा सुटल्यावर रांगेने, चपला बाहेर काढून, त्यांना संग्रहालय बघता येणार होतं. दारावर पाटी लागली : आत डबा आणू नये.

सप्टेंबरात चाचणी परीक्षा झाली. सरांची एक खासियत म्हणजे ते कुणालाही पैकीच्या पैकी मार्क देत नसत. अर्धा मार्क कापायचेच. "पूर्ण इतिहास परमेश्वरालाच माहीत," असं कारण सांगायचे. म्हणून नववीचा एक पेपर फडकवत ते स्टाफरूममध्ये धावत आले आणि "पाचपैकी पाच दिले!" म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या. पेपर सुरेखाचा होता. वाडीवरची, काळीसावळी, कधी तोंड न उघडणारी मुलगी. प्रश्न होता, वसाहतवाद म्हणजे काय ते स्पष्ट करा. सर उभे राहून मोठ्याने वाचायला लागले.

"'वसाहतवाद म्हणजे दुसऱ्याची वापरती जागा मोकळी आहे असे सांगून ती आपली करणे. सुरुवातीला तो एक पेटी आणतो. पावसाचे दिवस असतात म्हणून लोक त्याला नाही म्हणत नाहीत. ते आपली चटई थोडी सरकवून घेतात. मग कपाट येते. मग चटई दारापाशी येते. मग वस्तू चोरीला जातील म्हणून तो दाराला कुलूप लावतो. चोरी झालेली नसते, पण चोर कोण हे त्याने ठरवलेले असते. लोक बाहेर बसू लागले की तो म्हणतो, यांना शिस्त नाही. मग तो तिथे दिवा लावतो आणि सगळ्यांना सांगतो, आधी इथे अंधार होता.'"

चित्रकलेचे मास्तर खिडकीबाहेरची गिरणी न्याहाळायला लागले. मावशी चहाची किटली घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बघा! पुस्तकात यातलं एक वाक्य नाही. स्वतःच्या डोक्यानं लिहिलंय, वाडीवरच्या पोरीनं! याला म्हणतात शिकवणं," ते म्हणाले. त्यांनी पान उलटलं, तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही सगळे कधी नव्हे ते लगबगीने तासाला पळालो.

मला बरीच वर्षं वाटायचं, की त्यांना कळलं होतं आणि ते सोंग करत होते. तसं नव्हतं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. हा माणूस जन्मभर स्वतःला लुटला गेलेला समजत आला. लुटला गेलेला माणूस दुसऱ्याला लुटू शकतो, हा धडा त्यांच्या पुस्तकात नव्हता. अशी माणसं मुद्दाम वाईट वागणाऱ्यापेक्षा भयंकर असतात, कारण त्यांना रात्री झोप छान लागते.

त्या संध्याकाळी सुरेखा मला जिन्यात भेटली. गाडीची वाट बघत बसली होती.

"ते उत्तर तू कुठून लिहिलंस?" मी विचारलं.

"पुस्तकातलं ध्यानात ऱ्हात न्हाय सर. बघितल्यालं ऱ्हातंय."

"भीती नाही वाटली?"

"कशाची? पैकीच्या पैकी दिलं की सरांनी." ती हसलीसुद्धा नाही. मग दप्तर उचलत म्हणाली, "दिवाळीपास्नं मी येत न्हाय सर."

"का गं?"

"आई म्हणत्या, जिथं बसाय जागा न्हाय तिथं रोज कशाला जातीस."

त्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "गाडी चुकेल तुझी." दिवाळीनंतर ती आली नाही. वाडीवरच्या आणखी चौघी आल्या नाहीत. मी कायम झालो.

पुढे आठ-नऊ वर्षं मी त्या शाळेत काढली, पण सात नंबरच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. टाळायचं ठरवलं की दहा फुटांवरची खोलीसुद्धा लांब पडते. मधे एकदा जोतिबाला गेलो होतो तर देवळाच्या वाटेवर गुलाल-खोबऱ्याच्या दुकानात सुरेखा दिसली. कडेवर पोर. मी तोंड फिरवायच्या आत तिने मला ओळखलं आणि टोपल्या बाजूला करत म्हणाली, "या की सर, बसा. जागा हाय." एवढीशी ती पडवी. मी घाईत असल्याचं सांगून सटकलो.

नवीन शतकाची चार-पाच वर्षं उलटल्यावर सर निवृत्त झाले. निरोप समारंभ दणक्यात झाला. शाल, श्रीफळ, फेटा सगळं झालं. चेअरमननी जाहीर केलं, की संग्रहालयाला आजपासून सरांचं नाव देण्यात येत आहे. तसा ठराव झाला होता. ठरावावर सही माझीही होती, तोवर मी सुपरवायझर झालो होतो. मग पाहुण्यांना घेऊन सगळी वरात सात नंबरच्या खोलीकडे निघाली आणि मला मागे राहता येईना.

आत वस्तादांच्या मुद्गलांची जोडी काचेमागे होती. एका मुद्गलाला वाळवी लागली होती. आणि समोरच्या भिंतीवर, ज्या खिळ्यांना मुलींच्या डब्याच्या पिशव्या असायच्या त्यातल्याच एकाला, फ्रेम करून सुरेखाचा पेपर टांगला होता. दोन पानं शेजारी शेजारी. समासात तांबड्या शाईने पाच, आणि त्याखाली 'आदर्श उत्तर'.

"माझी विद्यार्थिनी," सर पाहुण्यांना सांगत होते. "आज कुठंतरी मोठ्या हुद्द्यावर असेल." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तुमचा आवाज चांगला आहे. वाचून दाखवा सगळ्यांना."

मी वाचायला लागलो. पेटी, पाऊस, चटई, कपाट, कुलूप. पाहुणे माना डोलावत होते. 'आधी इथे अंधार होता' इथपर्यंत आलो. इथपर्यंतचं मला पाठ होतं. इथेच घंटा झाली होती. दुसऱ्या पानावर आणखी चार ओळी होत्या. त्या मी पहिल्यांदाच बघत होतो.

'पण हे सगळे तो एकटा करू शकत नाही. जागा मोकळी होती असा कागद करून तो तिथल्याच शिकलेल्या लोकांच्या सह्या घेतो. कागदात लिहिलेले खोटे आहे हे त्या लोकांना माहीत असते. तरी ते सही करतात, कारण ती जागा त्यांना लागत नसते.'

मी त्या ओळी वाचून दाखवल्या नाहीत. अंधारापाशीच थांबलो. मान खाली घातली. नववीतल्या मुलीच्या गोलमटोल अक्षरात माझी सहीच तिथे पडली आहे असं वाटत होतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी म्हणालं, "मास्तरांना भरून आलं." सरांनाही तसंच वाटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उजव्या खिशातून इस्त्रीचा, चार घड्यांचा रुमाल काढला आणि माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला आणि तोंड पुसलं.